वजन कमी करणारी इंजेक्शनं आणि गोळ्या: दुष्परिणाम व खबरदारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात माझं मेडिकल आहे. २०२५ पासून काउंटरवर आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमची फाइल ज्यांच्याकडे आहे, त्यांचा शब्द माझ्या उत्तरापेक्षा वरचा.

१. सगळे "वजनाचं इंजेक्शन" म्हणतात ते नेमकं कोणतं?

बहुतेक वेळा दोनांपैकी एक. सेमाग्लुटाइड, जे वेगोव्ही या नावाने जून २०२५ मध्ये भारतात आलं, आणि टिर्झेपटाइड, जे मौंजारो या नावाने त्याआधी मार्च २०२५ मध्ये आलं. दोन्ही आठवड्यातून एकदा, कातडीखाली घ्यायची. लिराग्लुटाइड हे थोडं जुनं औषध, ते रोज टोचावं लागतं. सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, रायबेल्सस नावाने. ती डायबेटिससाठी २०२२ पासून आपल्याकडे आहे.

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ही औषधं त्याची नक्कल करतात. मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो आणि पोटातलं अन्न पुढे सरकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. हे मंदावलेलं पोट लक्षात ठेवा, खालची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

२. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आहे, आठ-दहा किलो कमी करायचेत. घेऊ का?

हा प्रश्न लग्नसराईत इतका येतो की उत्तर पाठ झालंय: नका घेऊ. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी एक पायरी चढायची असते. २.४ मिलिग्रॅमचा पूर्ण डोस सतराव्या आठवड्यात येतो. दोन महिन्यांत तुमच्या वाट्याला मळमळ जास्त आणि फायदा कमी येईल.

औषध कोणासाठी आहे तेही पाहा. मंजुरी आहे ती बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना, किंवा २७ किंवा त्याहून जास्त असून सोबत बीपी, डायबेटिससारखा आजार असलेल्यांना. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचा बीएमआय साधारण ६७ किलोला २७ आणि ७४ किलोला ३० होतो. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, पोटाची हालचाल आधीच फार मंद असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरबद्दल प्रश्न ६ आणि गरोदरपणाबद्दल प्रश्न १० पाहा.

३. मळमळ सगळ्यांनाच होते का?

सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते. औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना मळमळ झाली, २५ टक्क्यांना उलट्या आणि २३ टक्क्यांना बद्धकोष्ठ. ज्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं होतं, त्यांच्यातही १७ टक्क्यांना मळमळ झालीच. पोटाच्या त्रासाने औषध सोडावं लागलं ते ४.५ टक्के लोकांना. म्हणजे त्रास होतो, पण बहुतेकांचा निभावतो. तो सगळ्यात जास्त असतो डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांत, मग हळूहळू उतरतो.

४. मळमळ, घाण वासाचे ढेकर, बद्धकोष्ठ. घरी काय करू?

आधी ताट बदला. अन्न पोटात रेंगाळतंय, त्यात तेलातुपाचं अन्न आणखी रेंगाळतं. इंजेक्शन शुक्रवारी घेऊन रविवारी सावजीत तर्रीदार रस्सा ओरपला, तर सोमवारी सकाळी माझा फोन वाजतो. सडक्या अंड्यासारखे ढेकर त्याच रेंगाळण्याचे. त्रासाच्या दिवसांत मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ज्वारीची पातळ भाकरी, ताक असं साधं खा. तळणं आणि रात्री उशिराचं जेवण टाळा.

एरवी पोळी-भाजी-वरण-भात असं पूर्ण ताट संपवायची सवय असते आणि घरातले "अजून एक घे" म्हणून वाढतातही. आता पहिली पोळी संपताच पोट थांब म्हणेल. तिथे थांबायचं. भरल्या पोटावर चार घास लोटले की उलटी होते, हे मी गिऱ्हाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की औषधाबरोबर एक लहान ताटलीही द्यावी असं वाटतं.

पाणी घोट घोट, दिवसभर. भूक मेली की तहानही लागत नाही, म्हणून आठवणीने प्या. बद्धकोष्ठाला इसबगोल चालतं, पण भरपूर पाण्याबरोबरच, नाहीतर ते आतच अडकून बसतं. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि त्रास टिकून असेल तर डोस वाढवायची तारीख पुढे ढकलता येते. पायरी चढलीच पाहिजे अशी सक्ती नसते.

५. कशाकडे दुर्लक्ष करायचं नाही? लगेच दवाखाना कधी गाठायचा?

हे उत्तर फ्रीजच्या दारावर लावा, कारण इंजेक्शनचा पेन तिथेच असतो.

पोटाच्या वरच्या भागात जोराची, न थांबणारी कळ येते आणि ती पाठीत जाते, उलटी असो वा नसो: ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नका. पुढचं इंजेक्शन डॉक्टर तपासेपर्यंत बंद.

उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे किंवा लघवी पिवळी: पित्ताशय. वजन झपाट्याने उतरलं की पित्तखडे होण्याची शक्यता वाढते, मग ते औषधाने उतरो की उपासमारीने. वर सांगितलेल्या चाचणीत पित्ताशयाचा त्रास औषध घेणाऱ्यांपैकी २.६ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांपैकी १.२ टक्क्यांना.

दिवसभर उलट्या-जुलाब, पाणीही पोटात टिकत नाही, लघवी अगदी कमी आणि गडद, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी: शरीरातलं पाणी आटतंय, मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहायचं. वजन उतरलं की बीपीही उतरतं आणि जुना डोस जास्त ठरू शकतो.

एका डोळ्याची नजर अचानक जाणं किंवा झपाट्याने कमी होणं: डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटल्याने हे होतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचा हा अतिशय विरळ दुष्परिणाम म्हणून मान्य केला. जास्तीत जास्त दहा हजारांत एक. विरळ आहे, पण घडलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

ओठ-चेहऱ्याला सूज, अंगभर गांधी, श्वास लागणं: ॲलर्जी. १०८ ला फोन.

६. मला थायरॉइड आहे. ह्याने थायरॉइडचा कॅन्सर होतो ना?

"थायरॉइड आहे" म्हणजे बहुधा थायरॉइड कमी काम करतं आणि रोज सकाळी गोळी लागते. त्यासाठी ही औषधं वर्ज्य नाहीत. इशारा आहे तो मेड्युलरी नावाच्या, तुलनेने दुर्मीळ थायरॉइड कॅन्सरबद्दल. प्रयोगात उंदरांच्या थायरॉइडमध्ये अशा गाठी दिसल्या. माणसांत तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही, तरी स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर ही औषधं घ्यायचीच नाहीत. घरात कुणाचं "गळ्याचं ऑपरेशन" झालं असेल तर ते कशाचं होतं, हे मोठ्यांना विचारून घ्या. गळ्यात गाठ लागली, आवाज बसला तो बसलाच, तर दाखवा.

७. डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत. शुगर एकदम लो होईल का?

एकट्या या इंजेक्शनने सहसा होत नाही. सोबत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर होते, म्हणून त्यांचा डोस डॉक्टर आधीच कमी करतात. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड जाणवली तर शुगर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

चिठ्ठीत "ग्लिप्टिन"ने संपणारी गोळी असेल, जसं सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, तर डॉक्टरांना विचारा. ती त्याच जीएलपी-१ च्या वाटेने काम करते, दोन्हींचा जास्तीचा फायदा नसतो. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असल्या की हा दुहेरी प्रकार मला हमखास सापडतो. डायबेटिस जुना असेल तर सुरुवातीलाच डोळ्याचा पडदाही तपासून घ्या. शुगर भराभर खाली आली की पडद्याचा जुना आजार काही काळ बळावू शकतो.

८. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र करते. उपवास चालतील?

निर्जळी नको. एक दिवसाचा फराळाचा उपवास बहुतेकांना झेपतो, पण साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, दाण्याची आमटी हे मंद पोटाला जड जातं. भगर, दही, ताक, फळं, राजगिरा त्यापेक्षा बरं. नऊ दिवस फक्त पाण्यावर किंवा एकभुक्त राहायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. डायबेटिसवाल्यांनी तर नक्कीच (प्रश्न ७). डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असताना उपाशी राहिलं, तर शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.

९. सेमाग्लुटाइडची गोळी उपाशीपोटी, थायरॉइडचीही उपाशीपोटी. आधी कोणती?

फार चांगला प्रश्न, आणि डॉक्टरांकडे विचारायचा राहून जातो. सेमाग्लुटाइडची गोळी उठल्याबरोबर, १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, दुसरी गोळीही नाही. पेलाभर पाणी प्यायलात तरी तिचा परिणाम घटतो. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी जास्त शोषली जाते. काही डॉक्टर ती रात्री, जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्यायला सांगतात. वेळ कोणतीही ठरो, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. वजन उतरल्यावरही तिचा डोस बदलावा लागू शकतो.

१०. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. आणि पुढे बाळाचा विचार आहे.

टिर्झेपटाइड घेत असाल तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. पोट मंदावल्याने ती नीट शोषली न जाण्याची शक्यता असते. सुरुवात केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोध किंवा तोंडावाटे न घ्यायचं दुसरं साधन वापरा. पीसीओडी असलेल्या मुलींनी हे विशेष ध्यानात घ्या. वजन उतरलं की अंडं तयार होणं पुन्हा सुरू होतं, आणि "मला कुठे दिवस जाणार" या भरवशावर दिवस जातात.

बाळाचं ठरवत असाल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं. ते शरीरातून निघायला तेवढा वेळ लागतो. घेत असताना दिवस गेल्याचं कळलं तर औषध थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा. अंगावर पाजत असतानाही घेऊ नका.

११. इंजेक्शनचा वार चुकला. आता दोन एकदम घेऊ?

कधीच नाही. वेगोव्हीच्या बाबतीत पुढचा वार दोन दिवसांपेक्षा जास्त लांब असेल तर आठवलं तेव्हा घ्या, नाहीतर हा आठवडा सोडा. मौंजारोसाठी चुकलेल्या वारापासून चार दिवसांच्या आत घेता येतं. दोन-तीन आठवडे सलग चुकले असतील तर जुन्या मोठ्या डोसवर परस्पर उडी मारू नका, डॉक्टर खालच्या पायरीपासून सुरू करायला सांगू शकतात. दिवाळीत "फराळ खाऊ दे" म्हणून तीन आठवडे बंद ठेवून नंतर पूर्ण डोस टोचणारे दरवर्षी असणार, असं आता दिसतंय.

१२. पेन महाग आहे. क्लिक मोजून थोडं थोडं घेतलं, किंवा वायल दोनदा वापरली तर?

खिसा कळतो, पण इथे काटकसर महागात पडते. मौंजारोची एका डोसची वायल एकदाच सुई घालण्यासाठी असते. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात घेतलं तर जंतुसंसर्गाला आमंत्रण. इन्सुलिनच्या सिरिंजने काढताना युनिट, मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांचा घोळ होतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२४ मध्ये याच घोळातून पाच ते वीसपट डोस गेल्याच्या घटनांबद्दल इशारा दिला होता. डोस जास्त गेला तर उलट्या थांबत नाहीत, आणि औषध कित्येक आठवडे अंगात राहत असल्याने त्रासही लांबतो. अशा वेळी घरी थांबू नका.

१३. नवरा-बायको एकच पेन वापरू शकतो का? सुई नवी लावू.

नाही. सुई नवी असली तरी रक्ताचा अंश मागे काडतुसात जाऊ शकतो, आणि त्यातून हेपटायटिस बी, सी, एचआयव्ही पसरू शकतात. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण लावून. कचरा गोळा करणाऱ्या बाईच्या हातात ती टोचायला नको.

१४. नागपूरचा उन्हाळा, त्यात लाइट गेली. पेन खराब झाला असेल का?

न उघडलेला पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठला की वितळल्यावर स्वच्छ दिसला तरी फेकायचा. बाहेर किती दिवस चालतो ते ब्रँडप्रमाणे बदलतं, खोक्यातल्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. पण ३० अंशांची मर्यादा सहसा असतेच, आणि मे महिन्यात कूलर चालू असलेली आपली खोलीही त्याहून गरम असते. दोन-तीन तास लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बहुधा काही होत नाही. पुण्याला ट्रॅव्हल्सने जाताना थर्मासच्या डब्यात जेल पॅक ठेवा, पेन फडक्यात गुंडाळा म्हणजे बर्फाला थेट लागणार नाही. डिकीत टाकायच्या बॅगेत पेन कधीच नको. पार्सल हातात आलं आणि ते कोमट लागलं, तर घेऊच नका.

१५. ऑपरेशन किंवा एन्डोस्कोपी आहे. सांगायला हवं का?

हवंच, आणि तारीख ठरतानाच. आदल्या रात्रीपासून उपाशी असूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवडाभर आधी इंजेक्शन थांबवा असं सुचवलं होतं. २०२४ च्या सुधारित सल्ल्यात सरसकट बंद करण्याऐवजी रुग्णाची जोखीम पाहून ठरवा आणि गरजेप्रमाणे आदले २४ तास पातळ आहार द्या असं आलं. निर्णय तुमच्या भूलतज्ज्ञांचा. लाजेखातर "वजनाचं काही घेत नाही" असं सांगणारे असतात. ते मात्र करू नका.

१६. केस गळतायत, चेहरा उतरलाय, जिना चढताना पाय गळतात. औषधामुळे?

काही अंशी. झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, बाळंतपणानंतर गळतात तसेच, आणि सहसा परत येतात. पायांची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. भूक नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढला तर स्नायू आणखी झिजतात, आणि साठीच्या पुढे ते परत कमावणं अवघड. म्हणून जे चार घास जातात त्यात आधी प्रथिनं: मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण, पनीर, दही, सोयाबीन, चालत असेल तर अंडी-मासे. पोळी-भात नंतर. आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा खुर्चीतून उठ-बस करण्याचा व्यायाम. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

१७. बंद केलं तर वजन परत येतं का?

बहुतेकांचं येतं. प्रश्न ३ मधल्याच चाचणीतल्या काही लोकांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. औषध आणि मार्गदर्शन थांबल्यावर कमी झालेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा: किती काळ, कोणत्या डोसवर, आणि परवडेनासं झालं तर पुढे काय. वजनाबरोबर बीपी आणि शुगरही परत चढतात, म्हणून बंद केल्यावर त्यांची तपासणी सोडू नका.

१८. ऑरलिस्टॅट घेतोय, कपड्यांना तेल लागतं. हे काय?

ही निराळी गोळी. जेवणातली साधारण ३० टक्के चरबी ती पचू देत नाही, आणि ती चरबीच खालून बाहेर पडते. जेवढं तुपकट खाल तेवढी फजिती. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तिच्याबरोबर जातात, त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन झोपताना घ्या. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करायची गोळी, वॉर्फरिन, चालू असेल तर डॉक्टरांना आधी कळवा.

१९. आयुर्वेदिक पावडर, जिममधल्या कॅप्सूल, "पाणी काढायची गोळी" तरी सुरक्षित ना?

लेबलवर पानाफुलांचं चित्र असलं म्हणजे आत तेच आहे असं नाही. भारतात २०११ मध्ये बंदी आलेलं सिबुट्रामिन "हर्बल" नावाने विकलेल्या मालात वेगवेगळ्या देशांत सापडत आलंय. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून ते बाजारातून काढलं होतं. पावडरने दोन दिवसांत भूक गायब, झोप गायब आणि छातीत धडधड असेल, तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. गार्सिनिया आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

थायरॉइड ठीक असताना वजनासाठी थायरॉक्सिन घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पाण्याच्या गोळीने काट्यावर दोन किलो कमी दिसतात, ते पाणी असतं, आणि सोबत पोटॅशियमही जातं.

२०. पार्लरमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वस्तात मिळतंय. नकली कसं ओळखू?

घरी बसून खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून मुळात तिथून घेऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट ओझेम्पिकबद्दल (हाही सेमाग्लुटाइडचाच ब्रँड) इशारा दिला, तेव्हा असा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता. मार्च २०२६ मध्ये भारतात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांची वाट मोकळी झाली. त्यामुळे स्वस्त म्हणजे नकली असं आता म्हणता येत नाही. चिठ्ठी, पक्कं बिल, बिलावर बॅच नंबर आणि थंड पार्सल, या चार गोष्टी मागा. चिठ्ठीशिवाय द्यायला तयार असलेला दुकानदार बाकी नियमही पाळत नसणार.

२१. त्रास झाला तर तक्रार कुठे करायची?

आधी उपचार, मग नोंद. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, काय झालं, सोबत कोणती औषधं चालू होती एवढं हाताशी ठेवा. खोकं फेकलं असेल तर बॅच नंबर बिलावर सापडेल.